घोडीच्या नाकात भंडारा

‘देव पाठीशी असतो’ असं कुणी म्हटलं की गेल्या वर्षी माझं डोकं फिरायचं. मग मी स्कूटरवरून पडले तेव्हा तो कुठे होता? पायाचं हाड जुळलं, पण धीर खचला तो खचलाच. नारायण पेठेत राहून घराजवळचा रस्ताही एकटीने ओलांडता येईना. आपण आता कायमच्या अशाच राहणार, या भीतीने मी चोरून रडायची. खंडोबा आमचं कुलदैवत. त्याच्यापुढे दिवा लावणंही रागाने सोडलं होतं.

शेवटी यांनी मला कात्रजपलीकडच्या एका वनउद्यानात नेलं. तिथे झाडीतल्या वाटांवरून घोड्यावर बसून फिरता येतं. “गाड्यांना घाबरून झालं, आता घोड्याला घाबरून बघ,” हे म्हणाले. घोडी गरीब होती आणि तिचा दोर धरून चालणारे सलीमभाई तिच्याहून गरीब. वाट झाडीत शिरली आणि मला एकदम वाटलं, अरे, हे तर आपल्या देवाचं वाहन! राग विसरून मी पर्समध्ये कधीची पडून राहिलेली भंडाऱ्याची पुडी काढली आणि “येळकोट येळकोट, जय मल्हार!” म्हणत मूठभर उधळली. हळद गेली थेट घोडीच्या नाकात. ती शिंकली, बिथरली, सलीमभाईंच्या हातून दोर सुटला आणि मला घेऊन ती आडरानात उधळली.

मी जिवाच्या आकांताने लगाम ओढत होते आणि ती आणखीच बिथरत होती. दुसरं काहीच सुचेना म्हणून पुन्हा मल्हारीचा जयघोष केला. तोच झुडपांतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, “सदानंदाचा येळकोट! वढू नगंस बाय, सैल सोड! शानी हाय ती!”

मी हात सैल सोडले. घोडी दुडक्या चालीवर आली, मग थांबली. वाळक्या काटक्यांचा भारा घेतलेली एक म्हातारी पुढे आली, घोडीची मान थोपटली आणि आपल्या वाटेने गेली. धापा टाकत आलेले सलीमभाई म्हणाले, “ताई, पुढच्या वेळी हळद माझ्यावर टाका.”

मी उतरले नाही. तशीच, दोराशिवाय, ताठ बसून परत आले. फाटकापाशी हे काळजीने उभे होते. “अहो, चहा सांगून ठेवा!” असं ओरडून मी घोडी पुन्हा झाडीकडे वळवली. आनंदाने ऊर भरून आला होता.

ती बाई कोण, याचा शोध मी घेतला नाही. वर्षभर मी देवालाही असंच ओढत होते, माझ्या मनासारखं कर म्हणून. हात सैल सोडले तेव्हाच त्याने मला सांभाळलं. दुसऱ्या दिवशी भर गर्दीच्या वेळी मी एकटीने लक्ष्मी रोड ओलांडला. पलीकडे पोचल्यावर फुटपाथवरच हात जोडले.