सुतकातला गणिताचा पेपर

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. पनागरचा मटार, कोवळा, गोड. बायको म्हणाली, "तुम्ही सोलून नाही, खाऊन राहिले." आमचं सोबतचं शेवटचं साधं काम तेच. सोमवारी सकाळी ती चहा ठेवायला उठली अन् ओट्यापाशीच खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मी सातवी शिकलेला माणूस. रांझीला फॅक्टरीत खरादीवर लोखंड कातण्यात जन्म गेला. लिहायची सवय नाही. पण नात्यातले लोक अजून म्हणतात की त्या वेळी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, म्हणून लिहून ठेवतो. नव्हतं फिरलं.

त्या रविवारी आमची सून समोर वही घेऊन बसली होती. तिची बारावी आर्ट्सची, गणित दहावीलाच सुटलेलं. लग्नानंतर तिनं कॉम्प्युटरच्या डिग्रीला नाव घातलं, तर कॉलेजनं सांगितलं, आधी गणिताचा ब्रिज कोर्स करा. त्याच्या पेपरात पास झाली तरच ॲडमिशन पक्की, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. पेपर होता मंगळवारी सकाळी.

बायको चौथी पास. पण घरात तिचा कायदा असा, की क्लासमध्ये जे शिकवलं ते सुनेनं संध्याकाळी तिला समजावून सांगायचं. "मला समजलं तर तुला समजलं," म्हणायची. त्या दिवशी मॅट्रिक्स होतं. चौकोनात आकडे मांडायचे अन् एका चौकोनानं दुसऱ्याला गुणायचं.

"आई, यात उलटं गुणलं तर उत्तर वेगळं येतं," सून म्हणाली.

"काहून? बे त्रिक सहा, तीन दुणे सहा. उलटं केलं तर काय बिघडलं?"

"तसा नियम आहे."

"नियम आहे म्हणून सांगत असशील तर मी चालली भाजी टाकायला."

सुनेनं वही पुन्हा पुढं ओढली. मग लहान लहान आकडे घेऊन तिनं दोन्ही बाजूंनी गुणून दाखवलं. आडवी ओळ उभ्या ओळीवर कशी पडते, उलटं केलं की ओळीच कशा बदलतात, बोट ठेवून सांगितलं. मला घंटा काही कळलं नाही. बायको मात्र दाणे सोडून वहीवर वाकली अन् म्हणाली, "हां. आता खरं बोलली."

सोमवारी संध्याकाळी आम्ही घाटावरून परत आलो. अंघोळी झाल्या. शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भात तसंच झाकून होतं. सून कोपऱ्यात बसलेली. मी विचारलं, "बेटा, उद्या पेपर किती वाजता?"

माझी मोठी बहीण जवळच राहते, तिथंच बसली होती. तिनं कपाळावर हात मारला. "अरे, सुतक आहे! घरात चूल पेटत नाही अन् ही पेपर लिहील? दहा दिवस सून उंबरा ओलांडत नाही."

"चूल बंद आहे, ताई. कॉलेज चालू आहे."

"तुझी बायको गेली रे आज!"

"मला माहीत आहे कोण गेलं ते."

मुलगा मधे पडला. "बाबा, आत्या बरोबर म्हणते. एक वर्षानं काय होते? पुढच्या वर्षी देईल."

"तुझी नाईट ड्युटी लागली की पुढच्या वर्षी, पोरगं झालं की पुढच्या वर्षी. मी फॅक्टरीत असे पुढच्या वर्षीवाले लय पाहिले. घरातलं एक माणूस गेलं, तेवढं बस आहे. हिचं वर्ष मी जाऊ देणार नाही."

सून रडायला लागली. "बाबा, मला काहीच आठवणार नाही. डोळ्यांपुढं आईच दिसून राहिल्या."

"दिसू दे. बघत बघत लिही."

ताई उठून उभी राहिली. "असं असेल तर मी या घरात पाणी नाही पिणार."

"नको पिऊ," मी म्हणालो. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी बहीण. आजपर्यंत तिला उलट बोललो नव्हतो. वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.

सकाळी उठून स्कूटर काढली. थंडीत ती लवकर सुरू होत नाही. किक मारून मारून पाय भरून आला. सून साध्या पांढऱ्या ओढणीत मागं बसली. गल्लीतल्या लोकांनी पाहिलं. पाहू दिलं. ओमतीच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मागून तिचं पुटपुटणं ऐकू आलं, कुठलंसं सूत्र होतं.

कॉलेजच्या गेटवर गार्ड म्हणाला, "बाबूजी, आप यहीं रुकिए." ती आत गेली. दाराशी एकदा वळून पाहिलं. मी हातानंच हाकललं, जा.

घरी आलो तर सतरंजीवर भेटायला आलेली माणसं बसली होती. ताईही होती, भिंतीकडे तोंड करून. कोणीतरी हळूच विचारलं, "सूनबाई दिसत नाही?"

"गणिताच्या पेपरला गेली," मी म्हणालो, आतल्या खोलीतल्या बायकांनाही ऐकू जाईल असं. "मीच सोडून आलो. बारा वाजता घ्यायला जाणार आहे."