जयवंताची वांगी आणि रोडग्यांची पंगत

जयवंताचं तोंड फटकळ, हे गावच्या आठवडी बाजारात कोणीही सांगेल. वांगं दाबून दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ म्हणायची, "दाबून काहून पायतं? पोराचा गाल हाय का तो?" आणि मग त्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीत दोन वांगी जास्तीची टाकायची.

वांगी तिच्या माहेरची. शेंदूरजनाघाटचा सगळा मुलूख संत्र्यांचा, पण तिच्या आईने बांधाच्या कडेला एक काटेरी, पांढऱ्या रेघांचं गोल वांगं जपलं होतं. लग्न होऊन मूर्तिजापूरकडे आली तेव्हा जयवंताने ते बी पदराच्या गाठीत बांधून आणलं. इथल्या काळ्या जमिनीला ते असं मानवलं की दर माघात मारुतीपुढे रोडगे व्हायचे, तेव्हा भाजीची पहिली टोपली तिच्याच वावरातून जायची. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे आणि सगळ्या गावाने एका पंगतीत बसून वांग्याच्या भाजीसोबत हाणायचे. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊसुद्धा त्या दिवशी मांडीला मांडी लावून बसत.

लेक खुशी पहिलीत होती तेव्हा जयवंताचा नवरा, गोवर्धन, गेला. त्याच्या आजारपणातच जयवंताचं रक्त तपासलं आणि तिलाही एचआयव्ही निघाला. रडली बिचारी, खूप रडली. मग अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि तिने एकही चुकवली नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, आता तुमच्या रक्तात विषाणू तपासणीतही सापडत नाही, फक्त गोळ्या सोडू नका. तिथल्या रांगेत एखादी नवी बाई मुसमुसत असली की जयवंता तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "रडून घे माय, पोटभर रड. मंग गोळी खाय अन् कामाले लाग."

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक करून दिलं गावातल्याच देवीदासने. बापाच्या बीपीच्या गोळ्या आणायला हा अकोल्याला गेला, जयवंताला त्या रांगेत पाहून आला, आणि घरी पोचायच्या आत अर्ध्या गावाला सांगून मोकळा झाला. मग काय विचारता! बाया यायच्या, दारातच उभ्या राहायच्या, पाणी नको म्हणायच्या. एकीने विचारलंच, "हे आलं कुठून व?"

"ज्याले विचाराचं थो गेला. तुले भाजी घ्याची हाय का?"

भाजी कोणीच घेईना. बाजारात तिच्या ढिगाला हात लागेना, तेव्हा ती मूर्तिजापुरातल्या किशोर अडत्याकडे पोती पाठवू लागली. तिथे वांगं पाहत, वांगंवाली नाही.

माघ आला. रोडग्यांची व्यवस्था यंदा देवीदासकडे होती. जयवंता नेहमीसारखी टोपली घेऊन देवळापाशी गेली, तर त्याने दुरूनच हात हलवला. "वयनी, यंदा नोको. वांगे आमी मूर्तिजापूरहून आणून राहिलो."

ती टोपली घेऊन परत आली. संताप असा की सगळी वांगी बकऱ्यांपुढे ओतायला निघाली होती, पण हात होईना. आईचं बी होतं ते.

"आई, आपण नको जायचं," खुशी म्हणाली. पोरगी दहावीत. शाळेत तिच्या बाकावर आता कोणी बसत नव्हतं.

"जाऊ. दरसाल जातो, यंदाबी जाऊ. आज बाजूले बसलो, तं जनमभर बाजूलेच बसोतीन तुले."

पंगत बसली होती. मायलेकी रांगेत जाऊन बसल्या तशी शेजारची बाई पत्रावळ उचलून सरकली. गावातले थोरले नत्थुजी समोरून हळूच म्हणाले, "सूनबाई, तुमी दोघी लिंबाखाली बसा. पान तिकडंच पाठोतो."

"काहून मामाजी? इथं जागा नाई का?"

देवीदास मध्ये पडला. "वयनी, पोरीले काई नसंन तं रिपोर्ट दाखवा तिचा. बसू दे तिले. आमी काय राक्षस हाओ?"

खुशीचा रिपोर्ट कधीचाच चांगला आला होता, घरी पेटीत होता. एक शब्द बोलली असती तर पोरगी पंगतीत आणि माय लिंबाखाली, असा निकाल लागला असता. खुशीने आईचा पदर घट्ट धरला.

"जेवाले रिपोर्ट लागते का?" जयवंता म्हणाली. "मंग सारेच आणा आपापले. तुह्यापासून सुरू कर, देवीदासभाऊ."

कोणीतरी फसकन हसलं. देवीदास लाल झाला. आणि तेवढ्यात जयवंताची नजर चुलीमागे पडलेल्या रिकाम्या पोत्यावर गेली. पोत्याचं तोंड हिरव्या काठाच्या चिंधीने बांधलेलं होतं, ती चिंधी अजून तिथेच लोंबत होती. तिच्याच फाटक्या लुगड्याची. तिने समोरच्या पत्रावळीत पाहिलं. गोल फोडी, सालीवर पांढऱ्या रेघा.

अरे बापा!

"देवीदासभाऊ, वांगे कोनाकडून आणले?"

"किशोर अडत्याकडून. निवडून आणले. दरसालच्याहून चांगले हायेत," देवीदास ऐटीत म्हणाला. मीठ पाहता पाहता त्याने दोन वाट्या रस्सा केव्हाच ओढला होता.

"चांगलेच असतीन. माह्या वावरातले हायेत थे. पोतं माहं, चिंधी माही, बी माह्या मायचं."

घास हातात तसेच राहिले. देवीदास उठला, नळाकडे धावला आणि खाकरून खाकरून चुळा भरू लागला.

"थुकून काय होते बे?" जयवंताचा आवाज आता चढला. "खुशी पयलीत होती तवापासून मले हे हाय. तवापासून दरसाल माहेच वांगे खाऊन राहिले तुमी. झालं का कोनाले काई? हा आजार जेवून होत नाई, शेजारी बसून होत नाई. दवाखान्यात विचारा, मले नोका विचारू."

देवीदासची बायको गीतांजली भाजीची बादली घेऊन पुतळ्यासारखी उभी होती. जयवंताने तिच्या हातून बादली घेतली आणि रांगेत निघाली. "ज्याले नोको त्यानं हात आडवा धरावा. माहं काई म्हणनं नाई."

पहिला हात आडवा आला. दुसराही. तिसऱ्याने पत्रावळच उचलली. जयवंता थांबली नाही, पुढे सरकत राहिली. नत्थुजींपाशी आली. त्यांचा हात पानावर आडवा होता. म्हाताऱ्याने बादलीत डोकावून पाहिलं. मग हात बाजूला झाला.

"वाढ," ते म्हणाले. "रस्सा जास्त."

त्यांच्यानंतर आणखी दोन हात आडवे आले, बाकीचे नाही आले. शेवटपर्यंत वाढून तिने बादली गीतांजलीला परत दिली आणि खुशीशेजारी मांडी घालून बसली. गीतांजलीने पळी भरली, आणि पत्रावळीला लागू नये म्हणून हात उंच धरून वरूनच सोडली. रस्सा खुशीच्या ओढणीवर उडाला.

"वरून नोको टाकू," जयवंता म्हणाली. "सांडते. खाली वाक."

गीतांजलीने नळापाशी उभ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. आणि वाकली.