मिसरी आणि मोजपट्टी

७ फेब्रुवारी १९६३, सकाळचे साडेनऊ. तुळजापुरातील एका शाळेच्या पडवीत मी आरसा, टॉर्च आणि पोलादी मोजपट्टी मांडून बसले होते. वैद्यकीय पदवी मिळून वर्षही झाले नव्हते. गावोगाव जाऊन कर्करोग दुखू लागण्यापूर्वीच शोधायचा, ही कल्पना तेव्हा देशात नवी होती. ती इथे चालते, हे मला आकड्यांनी सिद्ध करायचे होते.

तपासणीला आलेल्या बायकांची तोंडे काळीभोर होती. गाल, हिरड्या, काहीच दिसेना. पहिल्या बाई पन्नाशीच्या, यात्रेकरूंना खोल्या देणाऱ्या. मी विचारले, "मावशी, तोंड स्वच्छ करून यायला सांगितलं होतं ना?"

"व्हय की. दवंडी ऐकूनच तर दोनदा मिसरी लावली."

"म्या तीनदा," मागची म्हणाली. "डॉक्टरीणबाईंसमोर घाण तोंड कसं उघडायचं?"

भाजलेल्या तंबाखूच्या ज्या भुकटीला आम्ही रोगाचे कारण मानत होतो, तिनेच त्या दात घासत होत्या. दवंडीचा मजकूर आम्ही शहरातून लिहून आणला होता.

गुळण्या आणि कापसाचे बोळे यांत तासभर गेला. मग मावशींच्या डाव्या गालाच्या आत, मिसरी साठून राहते त्या जागी, पांढरा चट्टा दिसला: अठरा मिलिमीटर. असे काही चट्टे पुढे कर्करोगाचे रूप घेतात. मिसरी सुटली तर काही मागे हटतात. दोन्ही शक्यता मी त्यांना सरळ सांगितल्या.

त्यांनी जिभेने गाल चाचपला. "दुखत तर न्हाय. मग औषध काय?"

"मिसरी सोडायची आणि दर महिन्याला मला तोंड दाखवायचं."

"मिसरीबिगर मला सकाळी जाग यील का? यात्रेकरूला पाणी कोण तापवून देणार, तुम्ही?"

"एक दिवस देईन," मी म्हटले. त्या हसल्या.

पुढच्या तपासणीसाठी परंड्याला जाण्याआधी मी दवंडी बदलली: 'सकाळपासून मिसरी न लावता या.' तिथे टॉर्चचा प्रकाश पहिल्याच तोंडात थेट गालापर्यंत पोचला. योजना दिल्लीत आखली तरी दवंडी गावात बसून लिहावी, असे मी वरिष्ठांना कळवले.

मावशी दर महिन्याला शेजारणींना घेऊन येत. चट्ट्याची लांबी त्या यात्रेकरूंनाही सांगत असत. दिवाळीआधीच्या तपासणीत त्यांनी स्वतःच गाल ओढून धरला. मी मोजपट्टी लावली, खात्रीसाठी पुन्हा लावली आणि मोठ्याने वाचले: पाच मिलिमीटर.