ईस्टरच्या आदल्या दिवशीचा बस्ता

जळगावच्या कापडबाजारातल्या एका तीन मजली साड्यांच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरला उभी आहे. नुसती बोलायची पद्धत म्हणून 'उभी' म्हणत नाही. खरोखरच उभी. गिऱ्हाइकांना गाद्या आहेत, खुर्च्या आहेत, पण काउंटरच्या आत जिथं आम्ही बायका असतो तिथं साधं स्टूलही नाही. बसलेली बाई दिसली की दुकान मंदीत आहे असं वाटतं, हे शेठचं म्हणणं. आणि एप्रिलमध्ये आमच्या दुकानात मंदी नसते. आमचा ईस्टर नेमका लग्नसराईत येतो.

त्या वर्षी मला ईस्टरला धुळ्याला जायचं होतं. माझं माहेर धुळ्याचं. वडील तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ईस्टरच्या पहाटे ते आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती घरांची दारं ठोकत जायचे, "उठा रे, प्रभू उठला, तुम्ही अजून झोपलेलेच!" म्हणत. मग सगळे मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जायचे, उजाडताना तिथंच उपासना व्हायची. आदल्या दिवाळीत वडील गेले. आई माझ्याकडे जळगावला आली. मार्चमध्ये धुळ्यातच राहणाऱ्या धाकट्या बहिणीनं कबरीवर दगड बसवून घेतला होता, पण तो आईनंही पाहिला नव्हता आणि मीही. तेव्हा ईस्टरला मायलेकींनी पहाटे तीनच्या गाडीनं धुळ्याला जायचं, असं ठरलं.

गुरुवारी मी शेठला रविवारची रजा मागितली. शेठ वाईट माणूस नाहीत. अकरा वर्षांत त्यांनी मला कधी 'नाही' म्हटलं नाही. ते "पाहू" म्हणतात, याही वेळी तेच म्हणाले. त्यात गुड फ्रायडेला उपासनेसाठी त्यांनी मला दुपारचे तीन तास सोडायचं कबूल केलं होतं, त्यामुळे आणखी काही मागताना माझीच जीभ जड झाली होती.

शनिवारी दुकान उघडलं तेव्हाच दारात गर्दी होती. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, आत एसीचा गारठा, त्यामुळे लोक एकदा आत आले की बाहेर निघत नाहीत. अकरापर्यंत माझ्यासमोर साड्यांचा एवढा ढीग झाला होता की पलीकडची गिऱ्हाइकं मला गळ्यापर्यंतच दिसत होती. "ताई, यातच पोपटी दाखवा." "ताई, ती खालची." खालची काढायची तर वरच्या दहा घड्या मोडायच्या. उघडायची, खांद्यावर टाकायची, पदर दाखवायचा, बाजूला सारायची. डबा खायला पंधरा मिनिटं मिळतात. मी गोडाऊनमध्ये एका खोक्यावर टेकले, अर्धी पोळी खाल्ली, आणि काउंटरवरची जोडीदारीण जिन्यातून ओरडली, "ताई, धरणगावचा बस्ता आलाय, शेठ तुम्हालाच बोलावतायत."

बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. नवरीचा शालू, मग मानाच्या साड्या, मग देण्याघेण्याच्या. दोन जीपगाड्या भरून माणसं आली होती, वीस-बावीस तरी असतील. मध्ये नवरी, तिला चिकटून आई आणि मावश्या, आणि गादीच्या कडेला तक्क्याला टेकून नवरीचे वडील. त्यांना सगळे नाना म्हणत होते. कापसाची शेती असलेलं, बऱ्यापैकी खातंपितं घर.

शालूलाच दोन तास लागले. एकीला काठ मोठा वाटे, दुसरीला रंग फिका. नवरी बिचारी आरशासमोर उभी राहून जो रंग टाकला तो टाकून घेत होती. मी हसत होते. आमच्या कामात हसणं हाही एक माल आहे, तो संपला असं म्हणता येत नाही. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ माझ्या पाठीमागे होतं, पण आरशात उलटं दिसायचं. मी आरशात पदर दाखवता दाखवता वेळ बघत होते आणि दर वेळी ती उलटी वाचून फसत होते.

त्या सगळ्या घोळक्यापासून लांब, जिन्याजवळच्या खुर्चीत, एक म्हातारी बसली होती. मांडीवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या. मी मागच्या कपाटातून साड्या आणायला गेले की तिच्यासमोरून जावं लागायचं. तिसऱ्या खेपेला तिनं माझा हात धरला.

"कव्हयनी उभीच शे तू," ती म्हणाली. "जेवनी का?"

"जेवले, अक्का."

"खोटं बोलस." तिनं पिशवीतून दोन केळी काढून माझ्या हातात कोंबली. काउंटरला खाता येत नाही म्हणून मी ती कपाटात साड्यांमागे ठेवली. पण त्या दिवसात मला कुणीतरी काही विचारलं होतं ते तेवढंच.

नंतर बोलण्यातून कळलं, ती नानांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षातच नवरा गेला, तेव्हापासून भावाकडेच. शेतात राबली, भावाची मुलं सांभाळली. ही नवरीही तिच्याच हातावर वाढलेली.

साडेचारला मानाच्या साड्या संपल्या. मी विचारलं, "आता कुणाच्या राहिल्या?" नवरीची आई म्हणाली, "बठ्ठास्न्या झाया." सगळ्यांच्या झाल्या. मी जिन्याकडे पाहिलं. "त्या अक्कांची?"

"अक्काले कोन्तीबी चालस," ती म्हणाली. "देण्याघेण्यातली एक टाकी द्या."

ती काही दुष्टपणानं म्हणाली नव्हती. दमली होती, एवढंच. पण माझं मन मानेना. मी कपाटातून एक रामा रंगाची सुती-रेशमी साडी काढली, बारीक काठाची, अंगाला हलकी, आणि तशीच जिन्याजवळ गेले. बाटल्या खाली ठेवून अक्कांना उठवलं. "इकडे या, आरशात बघा."

"माले काय करनी शे माय? मी कोठे जास?"

"लग्नात जाणार ना?"

मी त्यांच्या खांद्यावरून पदर सोडला. त्या स्वतःकडे बघेनात, माझ्याकडेच बघत राहिल्या. तेवढ्यात नवरी उठून आली. आल्यापासून तिच्या तोंडून तिच्या मनानं निघालेला एकही शब्द मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "आत्या, हाईच ली." मग नानांकडे वळून जरा मोठ्यानं, "आत्याले हाईच ल्या." नाना उठून जवळ आले, पदराला हात लावला आणि मान हलवली. "चांगली शे."

मला खूप बरं वाटलं. अगदी खरं सांगते, त्या क्षणी पायही दुखत नव्हते.

निघताना नाना खाली शेठजवळ थांबले. मी मागून पिशव्या घेऊन उतरत होते, म्हणून मला ऐकू आलं. "शेठ, उद्या नवरदेवनी मंडळी येई. दाखाडाले हाईच बाई पाहिजे. हाई मन लाईसन दाखाडस."

शेठनी माझ्याकडे बघून समाधानानं मान डोलावली. मंडळी गेल्यावर म्हणाले, "बाई, उद्या सकाळी दहाला या."

"शेठ, मी गुरुवारी सांगितलं होतं. ईस्टर आहे. धुळ्याला जायचंय, वडिलांच्या..."

"माहीत आहे हो मला. पण गिऱ्हाईक तुम्हालाच मागतंय. दुसरं कुणी असतं तर मी बोललो असतो का? बारापर्यंत मोकळं करतो तुम्हाला. दुपारच्या गाडीनं जा."

दुपारी कब्रस्तानात कोण असणार होतं? ऊन आणि विझलेल्या मेणबत्त्या. हे मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं."

हे 'बरं' मी कुठं शिकले कोण जाणे. तोंडातून निघून गेल्यावरच मला कळतं की मी ते म्हटलं. वर जाऊन साड्यांच्या घड्या घालायला लागले. शेकडो घड्या. त्या घालताना डोक्यात एकच येत होतं, की अक्कांना देण्याघेण्यातली कुठलीही साडी टाकली असती तर मी उद्या सुटले असते. असं मनात आल्याची मला लाज वाटली, तरी ते येत राहिलं.

घरी पोचले तेव्हा नुकता अंधार पडला होता. आमच्या दोन खोल्या, कूलरची घरघर. आईनं दार उघडलं आणि माझा चेहरा न बघताच मागे वळली, कारण तिला खूप काही दाखवायचं होतं. तिची पांढरी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती, माझीही. मेणबत्त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. निशिगंधाच्या काड्या ओल्या फडक्यात, माठाशेजारी. पिशवी भरून दाराशीच.

"बादलीत पाणी काढून ठेवलंय, पाय बुडव आधी," ती म्हणाली.

मी भिंतीला टेकून बसले आणि पाय पाण्यात सोडले. दिवसभर याच क्षणाची वाट पाहिली होती. आईनं माझ्या हातात कलिंगडाच्या फोडींची ताटली दिली आणि समोर बसली. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत तिनं चहा सोडला होता, तिच्यासाठी ते मोठंच होतं. "उद्या तुझ्या बहिणीकडे पहिला कप," ती म्हणाली. "आलं घालून. त्यांनाही तसाच लागायचा." मग पारोळ्याला गाडी किती वेळ थांबते, खिडकीची जागा मिळेल का, दगडावर अक्षरं कोरलीत की रंगवलीत, असं बोलत राहिली. पायांना गार वाटत होतं आणि मी ताटलीतल्या फोडी नुसत्या इकडून तिकडे सरकवत होते. दुकानात निदान पळापळ असते. इथं सगळं शांत होतं, सगळं माझ्यासाठीच मांडून ठेवलेलं, आणि त्यातून हलायला जागा नव्हती.

"आई," मी शेवटी म्हणाले, "मला उद्या दुकानात बोलावलंय."

ती कूलरकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. मग तिनं विचारलं, "आणि तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

"हं." ती उठली, खुर्चीवरची माझी साडी उचलून कपाटात ठेवली, दार लावलं. "मग मी जाते."

"एकटी? तू कधी एकटी बसनं..."

"कधी वेळच आली नाही. गाडी धुळ्यालाच जाते ना? शेवटपर्यंत बसून राहायचं, एवढंच तर आहे."

मी फोन करून शेठना नाही म्हणते, असं म्हटलं. फोन हातात घेतलाही. आई बघत उभी राहिली. मी नंबर काढला आणि फोन बंद केला. तिनं मला एका शब्दानं टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं.

पहाटे मी तिला स्टँडवर सोडलं. तिला खिडकी मिळाली. मांडीवर निशिगंध, चेहरा घट्ट. गाडी सुटताना तिनं हात केला नाही, कारण दोन्ही हातांनी पिशवी धरली होती.

नवरदेवाकडची मंडळी दहाला नाही, दीडला आली. साडेतीन तास मी रिकाम्या काउंटरला उभी होते. आमचे फोन कामाच्या वेळी खणात असतात. दुपारी उशिरा पाहिलं तर आईचे चार कॉल. मी जिन्यात जाऊन लावला. मागे पोरांचा गोंगाट, ती मोठ्यानं बोलत होती. "दगड छान बसवलाय. अक्षरं कोरलीत. सावली नाही गं तिथं, एखादं झाड लावायला हवं. चहा झाला दोनदा."

आई तिकडे आठ दिवस राहिली आणि एकटीच परत आली. तेव्हापासून मनात आलं की जाते, कंडक्टरशी गप्पा मारत. मला आनंदच आहे. फक्त रजा मागायला आईला न्यायचं कारण होतं, तेही आता राहिलं नाही.

मी स्वतः गेले जूनमध्ये, एका मंगळवारी, लग्नाच्या तिथी संपून दुकान ओस पडलं तेव्हा. पाऊस अजून नव्हता. कब्रस्तानात दुसरं कुणी नव्हतं. दगडाला हात लावला, तो भाजण्याइतका तापला होता. पदर ओला करून मी त्याच्यावरची धूळ पुसली, थोडा वेळ शेजारी जमिनीवर बसले, आणि मग परतीची गाडी धरली.