आधी कान, मग डोळे

इकडं ये उत्तम, जवळ बस. असं तोंड फिरवू नको, मी काही तुला मारणार नाही. पण बोलणार मात्र आहे, बोलण्यासारखंच वागलास तू. माझा भाऊ नामदेव जाऊन आज पाच आठवडे झाले. ज्याच्याशी त्यानं जन्मात सगळ्यात जास्त गप्पा मारल्या तो माणूस, म्हणजे तू, उत्तम राठोड गुरुजी, सेनगावकडच्या तांड्यावरचा, मातीला आला नाहीस आणि नंतरही आला नाहीस. तुझं दोन ओळींचं कार्ड तेवढं आलं. ‘मिस्त्री गेल्याचे समजले. फार वाईट वाटले.’ माझी तीन पत्रं तू उघडलीस की नाही मला ठाऊक नाही, म्हणून हे पेपरच्या रविवारच्या पुरवणीसाठी लिहायला घेतलं. पुरवणी तू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोस, हे मी जाणून आहे. बाकीच्या वाचणाऱ्यांनी रागावू नये. मला एकाच माणसाला सांगायचं आहे, तुम्हीही बसून ऐका.

त्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत ब्लाऊजला हातशिलाई करत होते. डोंगरकडा गावातलं आमचं घर तुला पाठ आहे, पुढं त्याचं दुकान, मागं आम्ही दोघं. मी हाक मारली, “नामदेव, भाकर गार व्हायली.” ओ आली नाही. डोकावून बघितलं तर तो स्टुलावर बसलेला, डिझेल इंजिनावर वाकलेला, डिसमिसचं टोक इंजिनाला टेकलेलं आणि लाकडी मूठ कानाला. डोळे मिटलेले. मला वाटलं ऐकून राहिलाय. तो ऐकत असताना मधे बोलायचं नाही हा आमच्या घरातला नियमच, म्हणून मी परत गेले, भाकरीवर ताट झाकलं, आणखी दोन हुक लावले. पुन्हा आले तरी तो तसाच. मग ध्यानात आलं… इंजिन तर बंदच होतं.

त्या डिसमिसबद्दल वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे. पेच फिरवायचं साधं हत्यार ते, हातभर लांब. पण नामदेव पेच कमी फिरवायचा आणि ऐकायचा जास्त. इंजिन चालू करायचं, टोक इथं टेक, तिथं टेक, मुठीला कान लावायचा आणि सांगायचा, हे बेरिंग गेलं, हा व्हॉल्व्ह बसत नाही. खोलून बघितलं की बराबर तेच निघायचं. कळमनुरीपासून लोक इंजिनं घेऊन यायचे. हा कान त्याला विमानांनी दिला. तरुणपणी तो हैदराबादकडं गवंड्यांच्या हाताखाली दोन वर्षं होता, विमानतळाच्या भिंतीला लागून काम. भिंत एवढी उंच की पलीकडचं काही दिसायचं नाही, नुसते आवाज. लढाईच्या जमान्यातली जुनी विमानं तिथं शिकाऊ पोरांना शिकवायला वापरायचे, त्यातलं एक हार्वर्ड. नामदेव म्हणायचा, “अक्का, ते उठताना असं ओरडायचं जणू पत्र्याचा अख्खा बाजार कुणी फाडून राहिलाय.” दोन वर्षं ऐकलं, एकदाही धड बघितलं नाही. गावाकडं आला तो हीच ओढ घेऊन.

तू पहिल्यांदा आलास ते शाळेच्या बोअरचं इंजिन घेऊन. मला आठवतं, त्याच्या भिंतीवर चिकटवलेलं पेपरातलं विमान बघून तू म्हणालास, “मिस्त्री, हे स्पिटफायर न्हाई, हरिकेन हाय. पंख बघा, किती जाड.” नामदेवनं हातातलं काम खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत त्या चित्राला नावानं ओळखणारा पहिला माणूस दुकानात आला होता. पुढं दर रविवारी तू दोन गाड्या बदलून यायचास, पिशवीत रद्दीवाल्याकडून आणलेली इंग्रजी मासिकं. नॅट लहान असून मोठ्याला कसं भारी पडलं, डाकोटा एका इंजिनावर घरी येतं का, हंटर देखणं की कॅनबेरा, अशा गप्पा तुम्ही इतक्या रंगवायचात की गिऱ्हाईक ताटकळत उभं राही. मी शाळेत दुसरीपर्यंत. चित्राखालच्या ओळी तू मराठीत लिहून चिकटवायचास, आणि मी केर काढताना एकेक अक्षर लावून त्या वाचायची. आज चार ओळी लिहायला येतात त्या तिथूनच. माझी बालभारती म्हणजे बॉम्ब टाकणारी विमानं, असं तूच मला चिडवायचास.

आणि तुमचा तो खेळ. आभाळात आवाज आला की कुणी वर बघायचं नाही. आधी कान, मग डोळे. दोघांनी नाव सांगायचं, मगच अंगणात येऊन बघायचं. हरेल त्यानं भजी आणायची. आमच्यावरून जाऊन जाऊन जाणार काय, तर बिदरकडची शिकाऊ विमानं नाहीतर लई उंचावरचं प्रवासी. पण तुमचं भांडण असं की जणू लढाई लागली. “गुरुजी, तुमच्या कानात खडू गेलाय.” “मिस्त्री, तुमच्या कानात ग्रीस हाय, मुकाट्यानं भजी आणा.” खोटं कुणी बोलायचं नाही. नामदेव हरला की तू तोंडावर सांगायचास, न्हाई, चुकलात. त्या ‘न्हाई’वर तर तो जीव टाकायचा.

आता जे सांगते ते तुला ठाऊक नाही. एकोणीसशे नव्वदच्या पुढं पाचसहा वर्षांत त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, जे गेलं ते येत नाही, उरलंय ते सांभाळा. कडेचं सगळं अंधारलं, नळीतून बघावं तेवढंच मधलं राहिलं. समोरचा पेच दिसायचा, बाजूनं जाणारं माणूस दिसायचं नाही. मग आभाळात पळतं विमान कसं सापडणार. त्यानं मला त्याच्या जिवाची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही, उत्तमला तर मुळीच नाही. मी म्हटलं, काहून? तर म्हणाला, “आंधळ्याच्या हातात इंजिन कोण दील? आन् उत्तमला कळलं तर तो उद्यापासून मला मुद्दाम जिंकू दील. ते मला चालणार न्हाई, अक्का.” तुझ्यापुढं ते खपूनही गेलं. आधी कान हा तर नियमच होता. नाव सांगायचा तो, वर बघून निवाडा द्यायचास तू.

मग तू नागपूरच्या हवाई कसरतींची खबर आणलीस. त्यात जुनं हार्वर्ड उडणार. तुला वाटलं असेल, ही म्हातारी कशाला मागं लागली. नामदेवनंच सांगितलं होतं तुला, अक्कालाबी बघायचंय. खरं तर मी त्याची काठी होते. आमचं ठरलं होतं, विमान डावीकडून आलं तर मी त्याचा हात एकदा दाबायचा, उजवीकडून आलं तर दोनदा. मी मधे उभी, पदराआडून हात दाबतेय, आणि तो मान वळवून “व्हय व्हय, काय सुरेख वळलं” म्हणतोय. चार विमानं एकमेकांना खेटून गेली, तू टाळ्या पिटल्यास, त्यानंही पिटल्या. दुपारपर्यंत निभलं.

मग भोंग्यावर हार्वर्डचं नाव पुकारलं. उंचावर कुठंतरी एक नवं लहान विमान घिरट्या घालत होतं, आवाज सगळा त्याचा. आणि हार्वर्ड आलं ते खालून, झाडांच्या शेंड्यांवरून, इंजिन मंद करून. पिवळंधमक, हळदीच्या शेतासारखं. तुझ्या चिठ्ठ्यांवर अक्षर अक्षर लावून ज्याचं नाव मी वाचायला शिकले ते समोरून चाललेलं… उत्तम, मी बघतच राहिले. हात दाबायचं विसरले. दाबायचं तर सोडच, मी त्याचा हातच सोडून दिला.

पुढचं तुला माहीत आहे. तू ओरडलास, “मिस्त्री, हार्वर्ड.” त्यानं मान हलवली, “हे हार्वर्ड न्हाई, ह्याचा आवाज बारका हाय,” आणि रिकाम्या आभाळाकडं बोट केलं. आजूबाजूचे हसले. तू हसत हसतच म्हणालास, “डोळ्यापुढून जाऊन राहिलंय, आंधळे झालात का काय?” मी त्याचं तोंड बघितलं. तू नाही बघितलंस, तू विमान बघत होतास. आणि मग त्यानं भर माणसांत तुला ते बोल सुनावले, “लेकरांना शिकवता आन् डोळ्यादेखत खोटं बोलता?” परतीच्या गाडीत तू पुढच्या बाकावर, आम्ही मागं. हिंगोलीला उतरून तू जीपकडं चालायला लागलास, वळून बघितलं नाहीस. ते शेवटचं.

ते हार्वर्डच होतं हे त्याला तिथंच कळलं होतं. दुसऱ्या फेरीला ते पूर्ण जोरात आलं, पत्रा फाडत, तेव्हा त्यानं माझ्या दंडाला धरलं ते अजून दुखतंय. गाडीत मला हळूच म्हणाला, “हार्वर्डच होतं, अक्का.” मी म्हटलं, मग जा पुढं, सांग त्याला. म्हणाला, “सांगितलं तर तो इचारंल, आधी काहून न्हाई दिसलं. हेकट समजू दे, त्ये परवडलं.” मीही गप्प बसले. हात कुणी सोडला ते त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

तू आला नाहीस म्हणून खेळ काही थांबला नाही. नऊ वर्षं चालला, फक्त तुझ्या जागी मी. आवाज आला की तो नाव सांगायचा आणि म्हणायचा, “बघ गं अक्का.” मी अंगणात जायची. पुढं पुढं त्याचा कानही थकला होता. त्यानं शिकाऊ म्हटलं तर वर प्रवासी असायचं. तुझ्या चित्रांवर शिकलेली मी, मला कळायचं. तरी मी म्हणायची, “व्हय, तेच हाय.” त्याला ज्याची भीती होती तेच मी रोज करत होते.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “अक्का, डाकोटा येऊन राहिलंय बघ.” मला आवाज आला होता. मी उन्हात हात आडवा धरून उभी राहिले. आभाळ स्वच्छ, घारसुद्धा नाही. आत येऊन म्हटलं, “व्हय रे, डाकोटाच.” तो हसला, पुष्कळ वेळ हसला. म्हणाला, “येडी गं तू. पलीकडच्या गिरणीचा पट्टा घासून राहिलाय सकाळपासून.” मग डिसमिस फडक्यानं पुसत राहिला. मला वाटलं विषय संपला. तेवढ्यात म्हणाला, “उत्तम असता तर न्हाई म्हणाला असता.” नंतर त्यानं पाणी मागितलं, मी दिलं.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. कधीपासून, ते मला आता कोण सांगणार. नऊ वर्षं तो जिंकत होता का मला जिंकू देत होता, हा हिशेब मला लागत नाही.

दुकान तसंच आहे. ज्याचं इंजिन होतं तो घेऊन गेला, स्टूल आहे, भिंतीवर तुझ्या हातच्या चिठ्ठ्या आहेत, वाळवीनं दोनच खाल्ल्या. डिसमिस खिळ्याला टांगलंय. मूठ एका बाजूनं गुळगुळीत झालीय, त्याच्या कानाच्या आकाराची. परवा मी ते काढून टोक भिंतीला टेकलं आणि मूठ कानाला लावली. खूप वेळ काही नाही. मग कुणीतरी आत चालावं तसं धप धप ऐकू आलं, माझंच काळीज असेल. आभाळात आवाज आला की आजही घरातून कुणी नाव सांगतंय असं वाटतं. नाव पुरतं ऐकू येत नाही. मी चूल टाकून अंगणात जाते, आणि डोळे वर करायची हिंमत होत नाही. बघून सांगू कुणाला?

शपथ त्याच्या जिवाची होती, उत्तम, तो जीवच उरला नाही, म्हणून बोलले. हात मी सोडला होता. तुझ्यावर रागवायचा हक्क मला नाही, तरी सुरुवातीला रागावले, वयाची सवय. हार्वर्ड तू बरोबर ओळखलंस, त्यानंही ओळखलं होतं, एवढं तरी तुझ्यापर्यंत पोचू दे.

आता एक ऐक. रविवारी सकाळच्या गाडीनं निघ. कळमनुरीहून जीप मिळते, दहाला इथं पोचतोस. आपण दुकानात बसू. आवाज आला की मी नाव सांगते, चुकीचं सांगते की बरोबर ते मलाही ठाऊक नसेल. तू अंगणात जा, वर बघ. आणि चुकलं असेल तर दारातून मला न्हाई म्हण. भजी मी तळून ठेवते.