शनिवारची माफी

आमच्या मामांइतकी माफी मागितलेला माणूस ओतूरच्या पेठेत झाला नाही आणि यापुढे होईल असंही वाटत नाही. अर्थात तितकी भांडणं केलेलाही दुसरा झाला नाही. मामांची पिठाची गिरणी होती. दिवसभर त्या घरघरीत बोलून त्यांचा आवाज एवढा चढला होता, की त्यांनी नुसतं ‘जेवलात का’ विचारलं तरी समोरचा दोन पावलं मागे सरायचा. बाजरीच्या दळणावर गहू ओतला म्हणून बायकांशी, वीज गेली म्हणून वायरमनशी आणि कोणीच सापडलं नाही तर गिरणीच्या दगडाशी त्यांचं वाजायचं. एवढं करून मामा पक्के ख्रिस्ती. आमची पाच-सहा घरांची मंडळी त्यांच्याच ओसरीवर उपासनेला जमायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्नरहून पाळकसाहेब येऊन प्रभुभोजन द्यायचे, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांत फिरायचा. मनात कोणाशी तंटा ठेवून त्या प्याल्याला हात लावायचा नाही, हे मामांनी भलतंच मनावर घेतलं होतं. म्हणून आदल्या शनिवारी गिरणी लवकर बंद करून, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांनिशी, ते माफीच्या फेरीला निघायचे.

मी तेव्हा ओतूरला कॉलेजात होतो आणि त्यांच्याकडेच राहायचो. ही फेरी म्हणजे माझ्या जिवाला घोर. माझ्याच वर्गातल्या कोणाच्या तरी दारात मामा हात जोडून उभे असायचे आणि तो आतून माझ्याकडे बघून हसत असायचा. पेठेतून मान खाली घालून चालायला मी तिथेच शिकलो. लोकांना मात्र फेरीची गोडी लागली होती. चहाचं आधण आधीच चढलेलं असे. वायरमन एकदा मामांना काळजीने म्हणाला, "भाऊ, या महिन्यात तुमी मला कायच बोलला न्हाई. आमचं काय चुकलं का?" समोरचा शिंपी शनिवारी बायकोशी आपणहून गोड बोलायला लागला आणि कारण विचारलं तर म्हणाला, "भाऊंचा वार हाय आज." मामांनी कोणाला कधी धर्माचा उपदेश केला नाही. भांडणं आणि माफ्या यांतून त्यांना तेवढी सवडच नव्हती.

मग पान्ह्याचं प्रकरण झालं. शेजारच्या आळीतले धोंडीबा मेंढरं राखायचे. वयाने मामांहून मोठे, बोलायला अगदी कमी. ते एका सकाळी दळण घेऊन आले आणि नेमका तेव्हाच मामांना गिरणीचे नट आवळायचा पान्हा सापडेना. भर रांगेत मामा ओरडले, "धोंडीबा, पान्हा ठिवा हितं. तुमच्याबिगर दुसरं कोन आलं व्हतं आत?" रांगेत धोंडीबांची सूनही उभी होती. म्हातारा बाजरीचा डबा तसाच उचलून घेऊन गेला. पान्हा संध्याकाळी सापडला, मामा ज्या पोत्याच्या घडीवर बसायचे त्या घडीतच. दिवसभर ते पान्ह्यावर बसून चोराला शिव्या देत होते.

शनिवारी मामा धोंडीबांच्या ओट्यावर गेले. मीही बरोबर होतो. धोंडीबांनी चहा दिला, मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, चोर म्हनला ते गिरणीत, समद्यांम्होरं. आन् माफी मागताय हितं, कोन न्हाई तवा. असली माफी मला नगं." मामांचा कप हातातच राहिला.

त्या रविवारी प्याला आला तेव्हा मामांनी तो तसाच पुढे दिला. स्वतःच्या ओसरीवर, स्वतःच्या सतरंजीवर घरधनीच मान खाली घालून बसलेला. पुढच्या महिन्यातही तेच. मंडळी चोरून त्यांच्याकडे बघायची आणि मला कुठे तोंड लपवू असं होऊन जायचं. मामी चिडून म्हणाल्या, "मागून टाका की गिरणीत. रोज वरडताच की तितं."

"वरडणं येगळं," मामा म्हणाले. "ह्याला जीभ उचलत न्हाई."

शेवटी एका बाजाराच्या दिवशी, भारनियमन संपून नुकती वीज आलेली, डब्यांची रांग रस्त्यापर्यंत, आणि समोरून धोंडीबा मेंढरं घेऊन चाललेले. मामांनी खटका पाडला. गिरणी थांबली. मामांच्या आवाजाला मात्र ती थांबल्याचं कळलं नाही. "धोंडीबा," ते ओरडले, "पान्हा माझ्याच बुडाखाली व्हता. मी तुमाला समद्यांम्होरं चोर म्हनलो, आता समद्यांम्होरं माफी मागतो." हे एसटी स्टँडवरही ऐकू गेलं असणार. रांगेतली एकही बाई हसली नाही. धोंडीबा थांबले, ऐकलं आणि मेंढरं हाकत निघून गेले. मामांनी गिरणी पुन्हा सुरू केली.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्याला मामांच्या जवळ येत होता, तेव्हा अंगणात धोंडीबा आले. हातात तोच डबा. मधले महिने ते दळण पार पेठेच्या दुसऱ्या टोकाला नेत होते. रविवारी मामांची गिरणी बंद असते हे साऱ्या ओतूरला ठाऊक होतं, त्यांनाही. त्यांनी डबा गिरणीच्या दाराशी ठेवला. "ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले, "सवडीनं दळा." आणि ते गेले. मामांनी प्याला घेतला.

मामा जाण्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना त्या दिवसाबद्दल विचारलं. ते खाटेवर पडून होते, गिरणी केव्हाच विकली होती. म्हणाले, "दर म्हैन्याला शनिवारी माफी मागायचो तवा मला लई बरं वाटायचं. मोठा धार्मिक झाल्यागत. त्या दिशी गिरणी बंद केली आन् पयल्यांदा लाज वाटली. तवा समजलं, त्याच्या आदी मी कदी माफी मागितलीच नव्हती." हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. मामांना हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.