मयत शाहिराचा कोरस

माझा नवरा रोज संध्याकाळी मरतो. ऑफिसातून येतो, हातपाय धुतो, चहा पितो, स्पीकर मोठा करतो आणि मोबाईलवर मरतो. दिवसभर विमा कंपनीत बसून लोकांच्या मृत्यूचे क्लेम तपासायचे आणि घरी येऊन स्वतः जीव द्यायचा, असा त्याचा दिनक्रम आहे. नाव प्रफुल्ल, चाळिशी उलटलेली. गेममधलं नाव ‘मयत शाहीर’. हे नाव त्याने स्वतः घेतलंय, मी ठेवलेलं नाही. नाहीतर लोक म्हणतील, बायको खवट आहे. आहेच, पण त्याला कारणं आहेत.

खेळ तसा सोपा. विमानातून शंभरएक माणसं एका बेटावर उड्या मारतात, हाताला लागेल ते हत्यार उचलतात, एकमेकांना मारतात, आणि शेवटी ज्यांची टीम उरते ती जिंकली. प्रफुल्ल शेवटपर्यंत उरलाय असं मी आजवर बघितलेलं नाही. कधी तो पत्र्यावरून घसरून मरतो, कधी बंदूक समजून तवा उचलतो, कधी स्वतःच्याच बॉम्बवर उभा राहतो. आमच्या चाळीतली शाळकरी पोरंसुद्धा त्याला टीममध्ये घेत नाहीत.

पण त्याच्या टीमला तो हवा असतो. टीममध्ये आणखी तिघं. नाशिकची मानसी दातांची डॉक्टर आहे, दिवसभर लोकांचे दात उपटून तिचं पोट भरत नाही म्हणून संध्याकाळी गोळ्या घालते. जळगावचा अमित बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करतो, म्हणजे गेम खेळतो. आणि नील गिरगावातल्या खोताच्या वाडीतला, जाहिरातींची चित्रं काढणारा. खोताची वाडी म्हणजे आमच्या परळहून टॅक्सीने गेलं तर चहा निवायच्या आत पोचाल. पण सहा वर्षांच्या दोस्तीत हे दोघे एकदाही प्रत्यक्ष भेटले नव्हते. मी विचारलं तर प्रफुल्ल म्हणाला, “रोज तर भेटतो.”

तो हवा असण्याचं कारण असं. गेममध्ये मेलेल्या माणसाला काम नसतं, पण त्याला जिवंत सोबत्यांचं सगळं दिसत असतं आणि माईक चालू असतो. अशा वेळी सभ्य माणूस गप्प बसतो. आमचा शाहीर पिठाच्या डब्यावर ठेका धरतो आणि जे दिसतंय त्यावर जागच्या जागी कवन रचून खड्या आवाजात गातो.

“झाडामागं लपली मानसी, म्हणते मला कोण बघतं? अर्धी मावली झाडामागं, उरल्या अर्धीला गाव बघतं!”

मग नाशिकहून मानसी, जळगावहून अमित आणि गिरगावातून नील, तिघं मिळून शेवटची ओळ उचलतात, गोळ्या चुकवत. म्हणजे कोरस देतात. नील त्यावर रात्रीतून चित्र काढून पाठवतो, अर्धी मानसी, अर्धं झाड. असली शे-दोनशे चित्रं झाली असतील. अनोळखी लोक ते ऐकायला येतात. एकदा तर समोरच्या टीमवाल्याने मानसीला मारायच्या आधी विचारलं म्हणे, शाहिरांचं कडवं झालं का?

सुरुवातीला मला वाटायचं, याला कुणाला तरी दाखवून आणावं. मी परळच्याच एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, ओळखीने नंबर लवकर लागला असता. नंतर कळलं की हे दुखणं घराण्यातलं आहे.

माझे सासरे शामराव, आमचे पप्पा. महापालिकेच्या उद्यान खात्यातून रिटायर झाले, पण चाळीत त्यांना माळी म्हणून कोणी ओळखत नाही. त्यांची गायन पार्टी होती. जयंती असो, लग्न असो, नामकरण असो, परळपासून वरळीपर्यंत त्यांच्या पार्टीचं बुकिंग असायचं. पप्पा पेटीवर, शेजारी ढोलकीवाले अप्पा, मागे चार जणांचा कोरस. गायकाने ओळ टाकायची, कोरसने ती झेलून परत फेकायची. पप्पा म्हणतात, कोरस नसेल तर गायक म्हणजे नुसता ओरडणारा माणूस. पार्टी सुटली तरी ते अजून रोज संध्याकाळी गॅलरीत बसून रियाज करतात. म्हणजे एका खोलीत गोळीबार, दाराबाहेर पेटी. आणि मधे मी, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

प्रफुल्ल लहानपणी त्याच कोरसात होता. विशीत असताना एका लग्नात त्याने ओळ उशिरा उचलली, तर पप्पांनी चालू कार्यक्रमात माईकवरून सांगितलं, की आमचा मुलगा कोरसालाही नालायक निघाला. वऱ्हाडी हसले. प्रफुल्ल स्टेजवरून उतरला तो उतरलाच. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, शिव्या नाहीत, एकाच घरात राहतात, एकाच ताटलीतली चटणी घेतात. फक्त बोलायचं असलं की तिसऱ्या माणसाला सांगतात. सासूबाई होत्या तोवर हे काम त्यांच्याकडे होतं. त्या गेल्या आणि वारसाहक्काने ते मला मिळालं. दुसऱ्या सुनांना पाटल्या मिळतात.

“प्रिती, त्याला सांग, लाईट बिल भरलं.” तो समोर बसलेला. “प्रिती, त्यांना सांग, बरं.” आधी मी खरंच सांगायचे. हल्ली मी फक्त मान हलवते.

यंदा मार्चमध्ये जयंती मंडळाचा सेक्रेटरी संघर्ष घरी आला. पोरगा वाईट नाही, पण त्याला डीजे लावायचा होता. पप्पांसमोर खुर्चीच्या काठावर बसून त्याने फार अदबीने सांगितलं, की काका, वीस मिनिटं तुमची ठेवतो, पण पार्टी पूर्ण आणा. तुम्ही एकटेच माईकसमोर उभे राहिलात तर पोरं हसतील आणि ते मला बघवणार नाही. पार्टी जमली नाही तर यंदा बॅनरवर नाव टाकत नाही. पप्पा बरं म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी चहा तसाच ठेवला.

त्या बॅनरवर पप्पांचं नाव नाही अशी जयंती या चाळीने पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे फोन सुरू झाले. अप्पा ढोलकी घेऊन यायला तयार होते. पण कोरस? एक जण वारला होता. एक बदलापूरला, गुडघ्याचं ऑपरेशन करून बसलेला. तिसऱ्याने नवी कवळी बसवली होती, ती गाताना शिट्टी मारायची. पप्पा फोन ठेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, कारण चौथा कोरसवाला त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून बेटावर तवा शोधत होता.

मी प्रफुल्लला म्हटलं, उभा राहा ना. तो म्हणाला, त्यांना विचारू दे. मी पप्पांना म्हटलं. ते म्हणाले, त्याला यायचं तर येऊ दे. हे निरोप मी आठवडाभर वाहिले. शेवटी एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. प्रफुल्लच्या पुढ्यातला पिठाचा डबा ओढून घेतला आणि तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, तुझ्या बापाचं नाव बॅनरवरून चाललंय, तू इथे बेटावर मरतोयस, आणि मी तुमच्या दोघांमधली पोस्टमन, तीही बिनपगारी. असं बरंच काही बोलले. सगळं इथे सांगत नाही.

माईक चालू होता.

मोबाईलमधून मानसीचा आवाज आला, “वहिनी, आम्ही येऊ का? काकांची गाणी आम्हाला पाठ आहेत.”

सहा वर्षं प्रफुल्लच्या माईकमधून मागची पेटी या तिघांच्या कानांत जात होती. नाशिकला, जळगावला, गिरगावला पप्पांचा रियाज रोज पोचत होता आणि पप्पांना वाटत होतं आपल्याला कोणी ऐकत नाही. मी गॅलरीत जाऊन सांगितलं, कोरस मिळाला. कोण, म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, प्रफुल्लचे मित्र.

“ते मरणारे?”

“हो. पण सध्या सगळे जिवंत आहेत.”

पप्पांनी पेटीचा भाता बंद केला. म्हणाले, त्याला सांग, शेवटच्या जागी उभं राहायचं. प्रफुल्लने उलट निरोप दिला, की माईकपासून लांबच उभा राहीन, पुन्हा त्यावरून माझं नाव घ्यायला नको.

तिघं जयंतीच्या आधी चार दिवस आले. मानसी आमच्याकडे राहिली, अमित गॅलरीत झोपला. नील खोताच्या वाडीतून रोज यायचा आणि त्याची आई सोबत डबाभर काहीतरी पाठवायची. प्रफुल्ल आणि नील पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा काय बोलावं हे दोघांनाही सुचेना. शेवटी दोघं शेजारी बसून मोबाईल काढून खेळायला लागले, तेव्हा कुठे गप्पा सुरू झाल्या.

पहिल्याच तालमीत घोटाळा. पप्पांची ओळ संपायच्या आधीच तिघं तुटून पडायचे. पप्पांनी शेवटचा शब्द तोंडात घ्यावा, तर यांनी तो हिसकावलेला. एकदा झालं, दोनदा झालं, मग पप्पांनी पेटीवर हात आपटला. म्हणाले, गायकाच्या तोंडातला घास काढून घेता काय रे?

खोड कुठली ते अमितने सांगितलं. नेटवरून आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो. परळची ओळ नाशिकला जाणार, तिथला कोरस परत येणार, तोवर मधे भोक पडतं. ते पडू नये म्हणून हे तिघं ओळ संपायच्या जरा आधीच उचलायला शिकले होते. आता समोर माणूस बसलेला, तरी गळा ऐकेना. पप्पांना यातलं नेट वगैरे काही कळलं नाही. त्यांनी सरळ उपाय केला. मी हात खाली आणेन तेव्हाच तोंड उघडायचं. तीन दिवस ते हात वर करून बसले आणि मानसीसारखी डॉक्टरीण शाळेतल्या मुलीसारखी त्या हाताकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी बरोबर जमलं. पप्पा कोणाला शाबास म्हणाले नाहीत, पण मला हळूच म्हणाले की मटण आण.

जयंतीला चाळीच्या पटांगणात खुर्च्या भरल्या होत्या, त्या डीजेसाठी. भिंतीसारखे स्पीकर रचून पोरं बाजूला उभी होती, कधी एकदा म्हातारा उठतोय याची वाट बघत. पप्पा पांढरा शर्ट घालून पेटीवर बसले. पहिलं गाणं बरं गेलं. दुसरं त्यांनी स्वतः बांधलेलं, सगळ्यात जुनं. त्यातल्या प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ ‘उजेड’ या शब्दावर संपते आणि तो शब्द वरच्या सुरावर लांब धरायचा असतो. तो धरला की लोक उठून टाळ्या वाजवायचे, असं सासूबाई सांगायच्या.

पहिलं कडवं निघालं. दुसऱ्याला पप्पांनी ‘उजेड’ धरला आणि मला त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसल्या. सूर हलला. चेहरा काळानिळा झाला. हात वरच होता. तिघं हाताकडे बघत थांबलेले, शिकवलं तसं. स्पीकरजवळचं एक पोरगं हसायच्या बेतात होतं, मी त्याच्याकडेच बघत होते.

आणि पप्पांचा हात खाली यायच्या आधीच शेवटच्या जागेवरून प्रफुल्लने ओळ उचलली. माईक नसताना, खड्या आवाजात. पाठोपाठ तिघांनी उचलली, त्यांच्या जुन्या खोडीसारखी, जरा आधी. सूर तुटला ते कोणाला कळलंच नाही. लोकांना वाटलं, पार्टीची ही नवीन तऱ्हा आहे. पुढच्या प्रत्येक कडव्याला प्रफुल्लने तेच केलं, पप्पांना श्वास मिळेल तेवढं आधी. शेवटी टाळ्या पडल्या, संघर्षने स्वतः पुष्पगुच्छ आणून दिला, आणि मग डीजे सुरू झाला, त्यात कोणालाच कोणाचं ऐकू येईना. मला रडू आलं होतं, ते त्या गोंगाटात खपून गेलं.

पप्पा त्या रात्री एक शब्द बोलले नाहीत. मटण खाल्लं, झोपले. मी म्हटलं, झालं, आता पुन्हा वीस वर्षं.

सकाळी मंडळी गेली. प्रफुल्ल दाराशी पेपर वाचत होता. गॅलरीतून पप्पांची हाक आली. मी सवयीने ओ दिली आणि मग लक्षात आलं, की हाक मला नव्हती.

“प्रफुल्ल. काल लवकर उचललंस.”

प्रफुल्लने पेपर खाली ठेवला. “हो.”

“माझा दम पुरणार नाही हे तुला कसं कळलं?”

“वर्षभर कळतंय पप्पा. रोज ऐकतो की.”

पप्पा भडकले. “वर्षभर? मग सांगायचं नाही?”

“कोणामार्फत सांगू?”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. पेटी जरा बाजूला सरकवली आणि म्हणाले, “बस इथे.”

तो बसला. मी दोघांना चहा नेऊन दिला आणि आत आले. तिथे आता माझं काही काम नव्हतं.